यंत्राच्या पोटातली स्क्रिप्ट

सौर घटाचा आलेख काढणे हे काम सांगायला दोन वाक्यांचे आहे. घटावर शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत दहा-दहा मिलिव्होल्टने विद्युतदाब वाढवत न्यायचा आणि प्रत्येक पायरीवर किती प्रवाह वाहतो ते टिपायचे. एकूण ७१ रीडिंग. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एका हाताने नॉब फिरवत होतो, दुसऱ्या हाताने वहीत आकडे लिहीत होतो आणि शेजारचा मित्र दिव्याची झळ वाढत नाही ना ते बघत होता. पाऊण तास गेला. काही वर्षांनी तेच काम संगणकाला जोडलेल्या सोर्स मीटरवर, म्हणजे दाब लावून प्रवाहही मोजणाऱ्या उपकरणावर, केले. दोन सेकंदही लागले नाहीत. त्यानंतर एकदा असे पाहिले की संगणकाने उपकरणाला फक्त एक ओळ पाठवली, मग तो गप्प बसला, आणि पापणी लवायच्या आत ७१ रीडिंगची रांग परत आली. मधले सगळे उपकरणाने स्वतः केले होते.

हा आढावा या तिसऱ्या पद्धतीचा आहे. मोजणीच्या उपकरणाला रिमोट कमांड, म्हणजे दुरून पाठवलेल्या आज्ञा, देऊन त्याच्याच स्मृतीत एक स्क्रिप्ट तयार करायची आणि ती तिथेच चालवायची. कशानंतर काय करायचे, किती थांबायचे, कुठला आकडा आला की काम सोडायचे, हा सगळा क्रम कुणाच्या हाती असावा: माणसाच्या, संगणकाच्या की उपकरणाच्या? माझ्या मते या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण प्रत्येक प्रयोगशाळेने आपले उत्तर विचार करून ठरवले पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ते आपोआप ठरून जाते.

थोडे मागे जाऊ. हेवलेट-पॅकार्डने १९६६ मध्ये २११६ए हा आपला पहिला संगणक काढला, तोच मुळी प्रयोगशाळेतली उपकरणे जोडण्यासाठी. अडचण जोडणीची होती. प्रत्येक उपकरणाच्या तारा वेगळ्या, त्यांवरचे संकेत वेगळे. त्या दशकाच्या अखेरीस कंपनीने स्वतःसाठी एक सामाईक जोडणी बसवली, एचपी-आयबी. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ या क्रमांकाने मानक झाली आणि जगभर जीपीआयबी या नावाने रुळली. जुन्या प्रयोगशाळेत गेलात तर तिचे चोवीस पिनांचे जाडजूड कनेक्टर एकावर एक चढवलेले अजून दिसतील. एका जोडणीवर जास्तीत जास्त पंधरा उपकरणे, सगळी तार मिळून वीस मीटर. सोळा संकेततारांपैकी आठ माहितीच्या, पाच कारभाराच्या आणि तीन फक्त ‘तयार आहेस का’, ‘दिले’, ‘घेतले’ एवढे बोलण्यासाठी. या तीन तारांमुळे वेगवान आणि संथ उपकरणे एकाच माळेत नांदू शकली.

तार एक झाली, भाषा मात्र कंपनीगणिक वेगळी राहिली. एका मल्टिमीटरला व्होल्ट मोजायला सांगायची आज्ञा दुसऱ्याला कळत नसे. १९८७ च्या आयईईई ४८८.२ या मानकाने सगळ्यांना समान अशा काही आज्ञा ठरवून दिल्या. ‘*आयडीएन?’ असे विचारले की उपकरणाने आपली कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक सांगायचा. ‘*आरएसटी’ म्हटले की ठरलेल्या मूळ स्थितीत यायचे. १९९० मध्ये त्यावर स्किपी ही आज्ञांची भाषा उभी राहिली. व्होल्ट मोजायची आज्ञा कुठल्याही कंपनीच्या मीटरवर साधारण सारखीच असावी, हा तिचा हेतू बऱ्याच अंशी साधला. दरम्यान १९८६ मध्ये ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने लॅबव्ह्यू आणले आणि आज्ञा लिहिण्याऐवजी चित्रे जोडून उपकरणे चालवता येऊ लागली. पुढे जीपीआयबीच्या जागी यूएसबी आणि इथरनेट आले, २००५ मध्ये एलएक्सआय हे मानक आले. आज पायथॉन आणि पायव्हिसा ही फुकट मिळणारी जोडी घेऊन दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही तासाभरात मल्टिमीटरशी बोलू लागतो.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट धरून चाललेली होती: डोके संगणकाचे, हात उपकरणाचे. संगणक एक आज्ञा देणार, उपकरण ती पाळणार, उत्तर देणार आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहणार.

या रचनेला फटी मात्र लवकर पडल्या. हेवलेट-पॅकार्डचा ३४५८ए हा साडेआठ अंकी मल्टिमीटर १९८९ मध्ये आला. त्याला ‘सब’ आणि एक नाव पाठवले की पुढच्या आज्ञा तो लगेच न पाळता साठवून ठेवी. ‘सबएंड’ आले की साठवण संपे. मग ‘कॉल’ आणि ते नाव म्हटले की सगळा क्रम एका दमात चाले. ४८८.२ मानकातही अशी सोय ऐच्छिक म्हणून होती: ‘*डीएमसी’ ही आज्ञा देऊन अनेक आज्ञांच्या गठ्ठ्याला एक नाव देता येई. केथली या कंपनीच्या २४०० या सोर्स मीटरात शंभरपर्यंत मांडण्या साठवता येत आणि मोजणीत पास की नापास यावरून कुठल्या मांडणीकडे उडी मारायची तेही सांगता येई. एचपीच्या ३५६७०ए या विश्लेषकात तर पर्याय म्हणून चक्क बेसिक भाषा बसवून मिळे, आणि नंतरच्या ईएनए मालिकेतल्या नेटवर्क अ‍ॅनलायझरांत व्हीबीए ही भाषा होती. म्हणजे क्रम उपकरणाच्या पोटात घालावा ही इच्छा जुनी आहे. सगळीकडे पसरेल अशी एक रीत तेवढी सापडत नव्हती.

केथलीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २६०० मालिकेत जे केले ते मला या सगळ्यात मुळाला हात घालणारे वाटते. त्यांनी उपकरणात एक पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषाच बसवली आणि त्या यंत्रणेला टेस्ट स्क्रिप्ट प्रोसेसर, थोडक्यात टीएसपी, असे नाव दिले. भाषा निवडली लुआ. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये रोबेर्तो इएरुसालिमस्की, लुइझ एन्रिके दे फिगेइरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ही भाषा बनवली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. तेव्हा त्यांच्या गटाची बरीच कामे पेट्रोब्रास या ब्राझीलच्या सरकारी तेल कंपनीसाठी चालत. आयातीवरच्या निर्बंधांमुळे बाहेरची साधने सहज मिळत नसत, म्हणून हवे ते स्वतः घडवायचे अशी तिथली सवय. सी भाषेत लिहिलेला तिचा दुभाषी इतका आटोपशीर आहे की तो उपकरणाच्या छोट्या स्मृतीतही सुखाने राहतो. तेलक्षेत्राच्या गरजेतून जन्मलेली भाषा आज संगणकीय खेळांतही आहे आणि पिकोअँपिअर मोजणाऱ्या मीटरातही आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

स्क्रिप्ट तयार करण्याची रीत अशी. संगणकातून ‘लोडस्क्रिप्ट’ हा शब्द आणि त्यापुढे एक नाव पाठवायचे. त्या क्षणापासून उपकरण येणारी प्रत्येक ओळ पाळण्याऐवजी साठवू लागते. आपण ओळी पाठवत जायच्या: आउटपुट चालू कर, इतका दाब लाव, इतके थांब, प्रवाह मोज, बफरमध्ये ठेव. शेवटी ‘एंडस्क्रिप्ट’. इथे उपकरण सगळा मजकूर एकदम तपासते. व्याकरणाची चूक असेल तर चुकांच्या रांगेत उणे २८५ क्रमांकाची नोंद पडते, ओळीच्या क्रमांकासह. चूक नसेल तर नाव आणि दोन कंस पाठवले की स्क्रिप्ट चालते. ‘लोडअँडरनस्क्रिप्ट’ असाही एक शब्द आहे. त्यात भरणे आणि चालवणे एकदमच होते. नावापुढे ‘सेव्ह’ म्हटले तर स्क्रिप्ट कायमच्या स्मृतीत जाते, नाहीतर वीज बंद झाली की पुसली जाते. ‘ऑटोरन’ चालू ठेवले तर उपकरण सुरू होताच ती आपण होऊन चालते.

या रीतीतला सगळ्यात मोलाचा भाग बहुतेक माहितीपत्रकांत मागे पडतो. स्क्रिप्टमध्ये फक्त क्रमच लिहायचा असे नाही. आपल्याला हवी ती फंक्शने तिच्यात लिहिता येतात. स्क्रिप्ट एकदा चालली की ती फंक्शने उपकरणाच्या स्मृतीत राहतात आणि मग कुठल्याही इतर आज्ञेसारखी बाहेरून हाक मारून वापरता येतात. सौर घटाचा आलेख काढणारे फंक्शन एकदा आत गेले की संगणकाने फक्त सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब आणि पायऱ्यांची संख्या कंसात पाठवायची. म्हणजे उपकरणाच्या कारखान्यातून आलेल्या शब्दकोशात आपण आपला एक शब्द घातला. ज्या प्रयोगशाळेत नेहमी सौर घट मोजतात तिच्या मीटरला ‘घट मोज’ एवढेच सांगता यावे, याहून सरळ गोष्ट कोणती?

आता वेगाचा हिशोब करू, कारण विक्रेता नेहमी तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. मोजणी पूर्ण एका आवर्तनभर केली तर वीजवाहिनीतून येणारी गुणगुण सरासरीत विरून जाते, म्हणून अचूक कामात एका रीडिंगला निदान २० मिलिसेकंद देतात. ७१ रीडिंगचे झाले १.४२ सेकंद. समजा संगणक आणि उपकरण यांच्यातल्या देवाणघेवाणीला दर रीडिंगमागे ५ मिलिसेकंद लागतात. ते झाले ०.३५५ सेकंद. स्क्रिप्ट आत घालून आपण हे वाचवले तरी एकूण वेळ पावणेदोन सेकंदांवरून दीडच्या आत येतो एवढेच. त्यासाठी नवी भाषा शिकायची गरज नाही. पण मोजणीचा काळ आवर्तनाच्या शंभराव्या भागावर आणला तर? मग एक रीडिंग ०.२ मिलिसेकंदाचे, सगळी मिळून १४ मिलिसेकंदांची, आणि देवाणघेवाण मात्र तशीच ३५५ मिलिसेकंदांची. इथे पंचवीस पटींचा फरक पडतो. स्क्रिप्ट आत घालायची की नाही, हे या एका भागाकारावरून पुष्कळदा ठरवता येते. तो भागाकार कागदावर मांडायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

असेही काम असते जिथे स्क्रिप्टला पर्यायच उरत नाही. सौर पॅनेल तपासणाऱ्या काही यंत्रांत प्रकाश सतत नसतो, काही मिलिसेकंदांचा झगझगीत झोत असतो. सगळा आलेख त्या झोताच्या आत पुरा व्हायला हवा. एलईडीच्या कारखान्यात प्रत्येक दिव्याला पुढचा दाब, उलटा दाब आणि गळणारा प्रवाह अशा तीन परीक्षा द्याव्या लागतात आणि निकालावरून यांत्रिक हाताने तो दिवा योग्य त्या खणात टाकायचा असतो. २६०० मालिकेच्या बऱ्याच मॉडेलांत यासाठी मागे चौदा डिजिटल तारा आहेत. मोजणे, मर्यादेशी ताडणे आणि हाताला इशारा देणे हे सगळे स्क्रिप्टच करते. संगणकाला दिवसाअखेरीस आकडे मिळाले तरी चालतात. टीएसपी-लिंक नावाच्या जोडणीने असे अनेक मीटर एकमेकांना बांधता येतात. त्यांना १ ते ६४ मधले क्रमांक द्यायचे आणि पहिल्या मीटरातली स्क्रिप्ट बाकीच्यांना आपलेच अवयव असल्यासारखे चालवते.

मला मात्र वेगापेक्षा नियमितपणा मोठा वाटतो. पेरोव्हस्काइट सौर घटांचा एक चमत्कारिक स्वभाव आहे: दाब वाढवत नेताना येणारा आलेख आणि उतरवत आणताना येणारा आलेख एकमेकांवर बसत नाहीत, आणि त्यांतले अंतर आपण किती वेगाने जातो यावर अवलंबून असते. उच्च क्षमतेच्या सिलिकॉन घटांतही साठलेल्या विद्युतभारामुळे घाईने घेतलेले रीडिंग फसवे निघते. अशा वेळी प्रत्येक पायरीवर नेमके तेवढेच थांबणे हाच प्रयोगाचा गाभा असतो. संगणक ते पाळू शकत नाही. मध्येच त्याला अद्ययावत व्हायचे असते, विषाणू शोधायचे असतात, कुणाचा तरी ईमेल आणायचा असतो. एक पायरी १०२ मिलिसेकंदांची होते, दुसरी १४० ची. उपकरणातल्या स्क्रिप्टला दुसरे काही काम नसते. तिचे १०० मिलिसेकंद १०० च्या आसपासच राहतात आणि सहा महिन्यांनी त्याच घटावर पुन्हा तोच प्रयोग करता येतो. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे घटांच्या क्षमतेचे दावे तपासायचे असतात, तिथे दशांशानंतरच्या आकड्याइतकीच ‘रीडिंगपूर्वी किती थांबलो’ ही नोंद महत्त्वाची असते.

इथवर स्क्रिप्टची बाजू झाली. दुसऱ्या बाजूने मी स्वतः पोळलो आहे, म्हणून ती जरा निवांत सांगतो.

एका प्रयोगशाळेत आम्ही मीटरमध्ये आलेखाचे फंक्शन जतन करून ठेवले होते. मूळ मांडणीत प्रत्येक पायरीवर १० मिलिसेकंद थांबायचे होते. नंतर लक्षात आले की एवढे पुरत नाही, म्हणून मी ते १०० केले, नवी स्क्रिप्ट त्याच नावाने आत भरली, चालवून पाहिली, आलेख सुंदर आला. ‘सेव्ह’ म्हणायचे राहिले. चालू स्मृतीत नवी प्रत होती आणि कायमच्या स्मृतीत जुनीच. दोन दिवसांनी दुपारी वीज गेली. परत आल्यावर मीटर सुरू झाला, जुनी प्रत वर आली, आणि संगणकातला प्रोग्रॅम फक्त नावाने हाक मारत असल्यामुळे त्याला काहीच वेगळे जाणवले नाही. चुकांची रांग रिकामी, आलेख गुळगुळीत, आकडे चुकीचे. पुढच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने तिच्या दोन दिवसांच्या निकालांत न जुळणारी पायरी दाखवली तेव्हा कुठे उलगडा झाला. तिचे दोन दिवसांचे काम वाया गेले आणि ते माझ्यामुळे गेले.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो आणि इतरांनाही आग्रहाने सांगतो: स्क्रिप्टचे मूळ घर संगणकातल्या फाइलमध्ये असावे आणि उपकरणातली प्रत ही नेहमी प्रतच समजावी. प्रयोग सुरू करताना संगणकाने दर वेळी ती फाइल पुन्हा आत भरावी. काही शे ओळी जायला कितीसा वेळ लागतो! स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत तिची आवृत्ती आणि तारीख असावी आणि ती निकालाबरोबर फाइलमध्ये छापली जावी. टीएसपीमध्ये ‘लिस्ट’ म्हटले की आत असलेली स्क्रिप्ट लोडस्क्रिप्ट ते एंडस्क्रिप्ट जशीच्या तशी परत मिळते. फाइलशी ताडून पाहायला ते पुरेसे आहे. कायमच्या स्मृतीत जतन करणे मी फक्त जिथे संगणकच नसतो अशा कारखान्यातल्या जागांसाठी राखून ठेवतो.

दुसरा त्रास भरण्याच्या वेळचा. लोडस्क्रिप्ट पाठवल्यानंतर मध्येच केबल हलली किंवा संगणकातला प्रोग्रॅम कोसळला तर एंडस्क्रिप्ट कधी पोचतच नाही. उपकरण निमूटपणे पुढच्या ओळीची वाट पाहत राहते. नव्याने जोडणी करून आपण ‘*आयडीएन?’ विचारावे तर तोही प्रश्न स्क्रिप्टचीच एक ओळ म्हणून पोटात जातो आणि उत्तर येत नाही. नवखा माणूस उपकरण बिघडले असे समजून बटण बंद-चालू करतो. खरे तर एक एंडस्क्रिप्ट पाठवून आधी ते दार बंद करायचे, चुकांची रांग रिकामी करायची आणि मग बोलायला लागायचे. तसेच ओळींच्या शेवटांचे. लुआमध्ये दोन आडव्या रेघांनंतरचे सगळे, ओळ संपेपर्यंत, टिप्पणी मानले जाते. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ओळींचे शेवट गिळून सगळा मजकूर एकाच लांब ओळीत पाठवला तर पहिल्या टिप्पणीपुढची अख्खी स्क्रिप्ट टिप्पणीत जमा होते. व्याकरणाची चूक नाही म्हणून तक्रारही नाही. स्क्रिप्ट चालते आणि काहीच करत नाही. शिवाय ‘*आयडीएन?’, ‘*आरएसटी’ या सामाईक आज्ञा बाहेरून पाठवायच्या असतात, स्क्रिप्टच्या आत त्या चालत नाहीत. स्किपीच्या सवयीने लिहिणारे इथे हमखास अडखळतात.

मग वाट पाहण्याचा प्रश्न. संगणकाच्या बाजूला व्हिसा नावाचा जो सामाईक थर असतो तो उत्तरासाठी नेहमीप्रमाणे दोन सेकंद थांबतो. स्क्रिप्ट तीन मिनिटांची असेल तर संगणक दोन सेकंदांत हात वर करतो, चूक दाखवतो, आणि उपकरण मात्र आत शांतपणे काम करत असते. घाबरून कुणी प्रोग्रॅम पुन्हा चालवला की नवी आज्ञा जुनीच्या मागे रांगेत उभी राहते आणि पुढची उत्तरे एकेक घर सरकलेली येतात. वाट पाहण्याची मर्यादा स्क्रिप्टच्या लांबीप्रमाणे वाढवणे, किंवा स्क्रिप्टने काम संपल्यावर स्वतः इशारा देणे आणि संगणकाने तोवर दुसरे काम करणे, हे दोन मार्ग. दुसरा शिकायला अवघड, पण लांबलचक प्रयोगांना तोच बरा.

सुरक्षेबद्दल मी इथे हात राखून लिहिणार नाही. संगणक एकेक आज्ञा देत असतो तेव्हा माणूस केव्हाही मध्ये पडू शकतो. स्क्रिप्ट आत सुरू झाली की पडद्यावर काहीच हलत नाही आणि समोरच्या तारांवर मात्र दाब असतो. आउटपुट बंद करणारी ओळ स्क्रिप्टच्या शेवटी लिहिलेली असते, आणि मध्येच चूक होऊन स्क्रिप्ट थांबली तर त्या ओळीची पाळी येतच नाही. म्हणून प्रवाहाची मर्यादा ही पहिली ओळ असावी, आउटपुट चालू करण्याआधीची. चूक झाल्यावर संगणकाने वेगळी आज्ञा पाठवून आउटपुट बंद करायलाच हवे. आणि २०० व्होल्टपर्यंत जाणाऱ्या मॉडेलांना झाकण उघडले की दाब तोडणारा जो इंटरलॉक दिलेला असतो, तो कटकट वाटतो म्हणून तारेचा तुकडा लावून कायमचा जोडून टाकण्याची वाईट खोड आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत आहे. स्क्रिप्ट चालवणाऱ्या माणसाने तरी ती कदापि खपवून घेऊ नये. ज्या यंत्राला आपण न विचारता पुढे जायची मुभा दिली आहे, त्याला अडवणारी एक साधी तार तरी जागेवर असली पाहिजे.

भाषा कुणाची हा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्किपीने आज्ञा बऱ्यापैकी समान केल्या, स्क्रिप्टच्या बाबतीत तसे झाले नाही. टीएसपीची स्क्रिप्ट केथली आणि तिच्या छत्रधारी टेक्ट्रॉनिक्सच्या उपकरणांबाहेर चालत नाही. एचपीच्या जुन्या बेसिकमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम यंत्राबरोबर निवृत्त झाले. केथलीच्या २४५० सारख्या नंतरच्या मॉडेलांत तुम्ही स्किपी घ्या की टीएसपी, दोन्ही मिळतात, आणि यातच कंपनीची कबुली आहे की बहुतेक लोकांचा जुना संसार स्किपीत आहे. रेड पिटायासारखे स्लोव्हेनियातून आलेले फलक तर सरळ आत लिनक्स आणि पायथॉन घेऊन येतात, म्हणजे बाहेरची आणि आतली भाषा एकच. मला हा रस्ता पुढचा वाटतो. तोपर्यंत शहाणपण एवढेच की स्क्रिप्टमध्ये वेळेशी बांधलेले तेवढेच ठेवावे: दाब लाव, थांब, मोज, मर्यादा ओलांडली तर बंद कर. फाइलींची नावे, आलेख, हिशोब, निकालाचा अहवाल हे सगळे संगणकात. उद्या मीटर बदलला तर पन्नास ओळी पुन्हा लिहाव्या लागतील, पाच हजार नाही.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळांसाठी यात आणखी एक पदर आहे. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ मानकानुसार मान्यता देते त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची वापरापूर्वी खातरजमा करणे बंधनकारक आहे. उपकरणात जतन केलेली स्क्रिप्ट परीक्षकांच्या नजरेतून सहज निसटते, कारण ती कुठल्याच संगणकात दिसत नाही. मीटर अंशांकनासाठी बाहेर जातो तेव्हा तीही बरोबर जाते. बदली मीटर येतो तेव्हा ती त्यात नसते. ३४५८ए सारख्या जुन्या यंत्रांत तर साठवण बॅटरीच्या आधाराने तगलेली असते. ती बॅटरी एक दिवस संपते आणि कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला क्रम, ज्याचा कागद कुणाजवळच नाही, तिच्याबरोबर जातो.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यातले जवळजवळ काहीच शिकवले जात नाही, याची मला मनापासून खंत आहे. महाग मीटर काचेच्या कपाटात असतात, विद्यार्थी वहीत रीडिंग लिहितात आणि नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात ज्या गोष्टीची गरज पडते ती त्यांनी पाहिलेलीही नसते. सुरुवात करायला महाग मीटरही लागत नाही. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये घडलेले एक्सपआयज हे छोटे स्वस्त साधन पायथॉनच्या आज्ञांनी चालते, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने पायथॉन शिकण्याचे साहित्य तयार केले आहे. एकेक आज्ञा पाठवण्याची सवय एवढ्यावर होते. मग लोडस्क्रिप्टची पायरी चढायला एक दुपार पुरते.

ज्या महाविद्यालयात एकच सोर्स मीटर आहे तिथे मी एक प्रयोग करून घेतो. साधा १एन४००७ डायोड घ्यायचा आणि एक अँपिअरपर्यंत त्याचा आलेख तीनदा काढायचा: पहिल्यांदा समोरच्या बटणांनी, वहीत लिहून, दुसऱ्यांदा संगणकातून एकेक आज्ञा पाठवून, तिसऱ्यांदा स्क्रिप्ट आत भरून, प्रत्येक पायरीवर क्षणभरच प्रवाह सोडून आणि मध्ये डायोडला थंड होऊ देऊन. तिन्ही आलेख एका कागदावर काढायला सांगतो. खालच्या टोकाला ते एकमेकांवर बसतात. वर, अर्ध्या अँपिअरच्या पुढे, हाताने काढलेला आलेख डावीकडे सरकलेला असतो, कारण लिहिता लिहिता डायोड तापलेला असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की त्याचा दाब साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतो. दुसरा आलेख मधे कुठेतरी असतो. मुले आधी म्हणतात की मीटर चुकला. मग कुणीतरी डायोडला बोट लावून पाहते.